बाराव्या साच्याची जोडी

बुधवार, २४ फेब्रुवारी १९५४. कारंजा.

प्रवास फार सुखाचा झाला. मूर्तिजापूरला मोठी गाडी सोडून छोट्या गाडीत बसलो. ही गाडी इतक्या सावकाश चालते, की एक गृहस्थ वाटेत उतरले, त्यांनी रुळाकाठची बोरे तोडली आणि ते पुन्हा त्याच डब्यात येऊन बसले. बोरे मलाही दिली. आंबट होती.

स्टेशनावर यजमान दौलतराव स्वतः बैलांची दमणी घेऊन आले होते. आडवा बांधा, मोठा आवाज. माझी पेटी त्यांनी एका हाताने उचलली आणि म्हणाले, की एवढ्या दुरून मानूस सोनं पाह्यले येते, तुमी भांडे पाह्यले आले. तुमच्यावानी साहेब काही पाह्यला नाही बाप्पा. मी हसलो. मुंबईच्या एका चॉकलेट-बिस्किटांच्या कारखान्यात मी बी. कॉम. होऊन लागलो आणि परदेशातून साचे मागवण्यात माझी नोकरी संपली. नोकरी सुटली, साचे सुटले नाहीत. चॉकलेटचे जुने धातूचे साचे जमवणे आणि ते कोणत्या कारखान्याचे, कोणत्या काळचे, हे ओळखणे हा आता माझा एकमेव व्यवसाय आहे. त्यास वेड म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.

दौलतरावांच्या वडिलांच्या वेळी येथे कापूस खरेदी करणारा एक जर्मन साहेब राहत असे. त्याची मडम घरी चॉकलेट करी. चौदा सालची लढाई लागली, ती दोघे गेली, बंगला आणि साचे या घराण्याकडे राहिले. अट सरळ आहे : सर्व साचे ओळखावेत, विस्कटलेल्या जोड्या लावाव्यात, सर्व जोड्या पूर्ण झाल्या, की संच माझा.

बंगला दौलतरावांच्या जिनाच्या, म्हणजे कापसातून सरकी काढण्याच्या कारखान्याच्या, मागेच आहे. हवेत कापसाचे तंतू तरंगत असतात आणि भिवयांवर बसतात. जेवणात पाटवडीचा रस्सा होता. दौलतरावांच्या पत्नी कस्तुराबाई दाराआडून विचारीत होत्या, की तुमच्या घरी वाट पाहनारं कोन हाय? कोणी नाही, असे सांगितले. मंग निवांत राहा, म्हणाल्या.

शुक्रवार, २६ फेब्रुवारी.

येथील आतिथ्याची रीत निराळी आहे. रोज सकाळी बाबूलाल न्हावी येतो, दाढी करतो आणि कस्तुराबाईंनी दिलेले तेल माझ्या डोक्यात जिरवतो. पाहुण्याचे डोके कोरडे ठेवणे या घरी कमीपणाचे मानतात. बाबूलाल बोलका आहे. मागचे केस अजून काळे आहेत, पुढचेच पिकले, असे तो म्हणाला. मागचा मानूस जवान हाय साहेब, पुढचाच म्हातारा होऊन राह्यला.

तेलानंतर मी साच्यांच्या खोलीत बसतो. साहेबाच्या वेळची उंच पाठीची खुर्ची खास माझ्यासाठी झाडून ठेवली आहे. तिच्यावर डोके टेकायच्या जागी कापडाखाली काहीतरी गार, गुळगुळीत बसवलेले आहे. या उन्हात तो गारवा फार बरा वाटतो.

साचे अप्रतिम आहेत. ससे, कोंबड्या, टोपली घेतलेला म्हातारा, अंडी. सर्व कल्हई केलेल्या पत्र्याचे आणि सर्व जर्मन. कडेला कारखान्याचा शिक्का आणि क्रमांक आहे, दोन अर्धी जोडून धरणाऱ्या चिमट्यांच्या खुणा आहेत. चॉकलेटचा साचा आतून ओळखावा लागतो, बाहेरून नव्हे. त्याची किंमत त्याच्या पोकळीत असते : आत ओरखडा नसावा, कल्हई उडालेली नसावी, आणि दोन अर्धी एकमेकांवर अशी बसावीत, की कडेतून उजेड दिसू नये. अर्धा साचा म्हणजे भंगार. हे मी दौलतरावांना सांगितले. ते आत पाहून मोठ्याने म्हणाले, आयकलं काय वं, अर्धा म्हंजे भंगार म्हनतेत साहेब. आतून कस्तुराबाईंच्या हसण्याचा आवाज आला.

सोमवार, १ मार्च.

आज खालच्या फडताळातून एक निराळा पुडा निघाला. अकरा साचे. शिक्का नाही, क्रमांक नाही, चिमट्यांच्या खुणा नाहीत. सर्व मुठीएवढी माणसांची डोकी आहेत.

मी तीस वर्षे साचे पाहत आलो; असे काम पाहिलेले नाही. पोलादी ठशावर पत्रा दाबून साचा करतात, त्यामुळे बारकावा नेहमी थोडा बोथट होतो. येथे भिंगाखाली कातडीची छिद्रे दिसतात, पापण्यांचे केस मोजता येतील असे दिसतात. पहिल्या दोघांत एक कल्लेवाला गोरा पुरुष आणि अंबाडा घातलेली स्त्री आहे. बाकीची सर्व इकडची माणसे : देवीचे व्रण असलेला एक, फाटक्या कानाचा एक, नथ घातलेली एक म्हातारी. अकरावी एक तरुण स्त्री आहे. तिचा वरचा ओठ डाव्या बाजूस चिरून पुन्हा जुळलेला आहे. सर्वांची तोंडे मिटलेली.

कारागीर कोण, हे दौलतरावांना विचारले. घरचंच काम हाय, म्हणाले. इतका विनय मला आवडला.

या अकरांपुढे ससे आणि कोंबड्या कस्पटासमान आहेत. हा संच मला हवा. अखंड हवा.

गुरुवार, ४ मार्च.

साचे घासायला हंगामी मजुरांच्या तांड्यावरची धनीबाई येते. हंगामात जिनात काम करते आणि दुपारी बंगल्यावरची भांडी घासते. तिला मी राख आणि चिंच वापरण्यास मनाई केली आहे. केवळ मऊ कापड आणि कोमट पाणी.

आज अकरावा साचा तिच्या हाती दिला. तिने तो पाहिला आणि ती खाली बसली. काय झाले, असे विचारले. मग म्हणाली, हे माही बहीन होय. कमली. तिचं व्हट लहानपनी विळ्यानं चिरलं व्हतं, म्याच फडकं बांधलं व्हतं.

कमलीबाई म्हणे मागच्या वर्षी जिन बंद होण्याच्या सुमारास नाहीशी झाली. पुढच्या कामाला परगावी गेली असेल, असे मुकादमाने सांगितले. हंगामी माणसांचे असेच असते. कोण कोठे गेले याची विचारपूस कोण करणार? तिची मुलगी धनीबाईकडे आहे. यंदा तांड्यातील कोणी एकटे फिरत नाही. येताना जोडीने, जाताना जोडीने.

तिने साचा मागितला. फुकट नको, पुढच्या हंगामाची सगळी मजुरी घ्या, म्हणाली. मी तिला शांतपणे समजावले, की चेहऱ्यांत साम्य असते. कारागिराने कमलीबाईस नमुना म्हणून समोर बसवले असेल. आणि एक साचा दिला तर संच फुटेल. अकरांचा संच आणि दहा सुटे साचे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तिने विचारले, संच फुटला तं काय व्हते? मी म्हणालो, मग त्याला काही अर्थ उरत नाही.

तिने साचा पुसला, जागेवर ठेवला आणि गेली.

शनिवार, ६ मार्च.

साच्याची खरी परीक्षा ओतून होते. वऱ्हाडच्या उन्हात चॉकलेट उभे राहत नाही. म्हणून कस्तुराबाईंनी साखरेचा पाक करून दिला. या घरची जुनी रीत आहे म्हणे : जिन बंद होताना, होळीच्या सुमारास, मजुरांच्या मुलांना साखरेच्या गाठी वाटतात. गावातल्या गाठी लाकडी साच्यांच्या. यांच्या गाठीत या धातूच्या साच्यांतल्या पुतळ्या ओवतात. पोट्टे लय खुश असतेत, कस्तुराबाई म्हणाल्या. आंधी नाक खातेत, मंग बाकीचं.

मी अकरावा निवडला, कारण त्याची ओठाची रेघ सर्वांत अवघड आहे. उकळता पाक ओतला. धातूतून बारीक, लांबट आवाज आला. पत्रा तापून प्रसरण पावताना असा आवाज होतो. निवल्यावर पुतळी काढली.

पुतळीचे तोंड उघडे होते.

साचा पुन्हा भिंगाखाली पाहिला. साच्यात तोंड मिटलेले आहे. हे शक्य नाही. हवेचा बुडबुडा अडकला असावा.

सोमवार, ८ मार्च.

काल दिवसभर आणि आज सकाळी अकरावा साचा पुन्हा पुन्हा ओतला. पाक दाट करून पाहिला, पातळ करून पाहिला. दर वेळी तोंड उघडे. दर वेळी अधिक उघडे. आवाजही तोच, फक्त आता पाक ओतण्यापूर्वीच सुरू होतो. पातेले उचलले की.

बुडबुडा नाही.

मनुष्याला कुतूहल असते, आणि कुतूहल हे पाप नव्हे. मी बाकीचे दहाही ओतून पाहिले. गोरी मडम सर्वांत जुनी. तिचा आवाज जवळजवळ येत नाही. धनीबाई उंबऱ्यात उभी होती, हे मला नंतर कळले. ती किती वेळ उभी होती ते ठाऊक नाही. आत कामाला न येता उभी राहिली म्हणून मी तिच्यावर रागावलो. ती म्हणाली, हात भाजला काय साहेब? मी नाही म्हणालो. मंग कोन वरडत व्हतं, असे तिने विचारले. तिच्या डोळ्यांकडे मला पाहवले नाही.

कस्तुराबाई मात्र प्रसन्न आहेत. साहेबांचा हात बसला म्हणाल्या. त्यांनी आणखी एक वस्तू ओळखायला दिली : बारावा साचा, पण अर्धाच. मागचा भाग. डोक्याची मागची बाजू, मान, दोन कान. पुढच्याची जोडी लागली, की संच पुरा.

बुधवार, १० मार्च.

सर्व फडताळे, पेट्या, माळा पाहिला. बाराव्याचा पुढचा अर्धा भाग कोठेही नाही.

अर्धा भाग अगदी नवा आहे, कल्हई आरशासारखी. पुरुषाचे डोके. केस दाट, चापून बसवलेले. उजव्या कानामागे वाटाण्याएवढा खड्डा, म्हणजे पुतळीत तेथे आवाळू उठेल. ही ओळख पटवण्यासारखी खूण आहे. परंतु गावात असा मनुष्य कोण?

पोकळी उलटी वाचावी लागते. ती सवय असूनही मनुष्य कोण ते ध्यानात येईना. उद्या मेण ओतून पाहीन. पाक नको.

गुरुवार, ११ मार्च.

मेणाचे डोके हातात घेऊन मी खिडकीत उभा होतो. दौलतरावांना दाखवले, ते हसून निघून गेले. धनीबाईस विचारले, हा मनुष्य तुझ्या ओळखीचा आहे काय?

तिने मेणाकडे पाहिले, मग माझ्याकडे. ती इतकी हसली, की तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला. म्हणाली, साहेब, तुमी सोताच्या डोक्याले मांगून कधी पाह्यलं हाय काय?

मी उजव्या कानामागे हात नेला. तेथे लहानपणापासून आवाळू आहे. दाढी करताना, टोपी घालताना ते बोटाला लागते.

नाही. गुळगुळीत आहे. गार आहे.

शुक्रवार, १२ मार्च.

बाबूलाल सकाळी आला. तेल ओतले आणि थांबला. काय झाले विचारले. तो म्हणाला, जिरून नाही राह्यलं साहेब. पितळीवर वतल्यावानी निथळून राह्यलं. त्याने दोन आरसे धरून मला मागची बाजू दाखवावी असे मी सांगितले. त्याने धोपटी आवरली. दाढी अर्धीच झाली होती.

उशीवर डोके टेकल्याचे कळत नाही. उठल्यावर उशीत खळगाही नसतो.

साचा घेण्यापूर्वी नमुन्याला तेल लावतात, म्हणजे तो सुटून येतो. माझ्या धंद्यातील ही पहिली गोष्ट. नव्या उमेदवारांना मी स्वतः शिकवीत असे. गेले पंधरा-सोळा दिवस मी डोक्याला तेल लावून घेत होतो आणि त्या खुर्चीत—

खुर्चीच्या पाठीवरचे कापड उचलले. टेकायच्या जागी रिकामी खोबण आहे. बारावा अर्धा तिच्यात तंतोतंत बसतो.

शनिवार, १३ मार्च.

बुद्धी स्थिर ठेवली पाहिजे.

वस्तू आहे तर ती मोडताही येते. लहान हातोडी घेतली. अर्ध्या साच्याच्या कडेवर हलकेच टोला मारला, केवळ अजमावण्यासाठी.

शुद्धीवर आलो तेव्हा ऊन पायापाशी आले होते. कानातून थोडे रक्त. कस्तुराबाई समोर बसल्या होत्या, साचा त्यांच्या मांडीवर. त्या पदराने कड पुसत होत्या. म्हणाल्या, असं नाही करत बाप्पा, पोचा पडते.

मी सर्व विचारले. त्यांनी काहीच लपवले नाही; भाजीची रीत सांगावी तसे सांगितले. मडमेने साहेबाला बसवले होते. मडमेला यांच्या सासूबाईंनी. पुढे दर काही हंगामांनी एक. मागची बाजू खुर्ची घेते, पुढची कोऱ्या पत्र्याला कपाळ टेकून स्वतः द्यावी लागते. बाकीच्या देहाचे काय होते, असे विचारले. बाकीचं राह्यत नाही, म्हणाल्या.

आणि पुढची बाजू कोणी दिली नाही तर?

तर अर्धाच राह्यला, म्हणाल्या. तुमीच सांगतलं ना, अर्धा म्हंजे भंगार. होळी झाली की कल्हईवाला येते. भंगार थो भट्टीत घालते.

रविवार, १४ मार्च.

पळून जायचे. सामान घेतले नाही. मागे वळून पाहिले नाही. मागे मला काही जाणवतही नाही.

स्टेशन गाठले. गाडीत बसलो. समोर शिरपूरला दर्शन करून परतणारे एक कुटुंब होते. त्यांनी खडीसाखर दिली. गाडीने शिट्टी दिली. चाके हलली.

आणि माझ्या मानेत पाक ओतला गेला.

उकळता. आत. डोक्याची पोकळी भरत वर, कानांपर्यंत. मी ओरडलो की नाही ठाऊक नाही. ते कुटुंब दुसऱ्या बाकावर सरकले. चालत्या गाडीतून उतरलो. ती सावकाश चालते. फार उपकार.

बंगल्याच्या दारात कस्तुराबाई पळी घेऊन उभ्या होत्या. लवकर आले, म्हणाल्या.

सोमवार, १५ मार्च.

म्हणजे त्या सर्वांना कळते. ओतलेले. मी ज्या ज्या वेळी ओतले, ते—

नाही.

मंगळवार, १६ मार्च.

माझा अर्धा साचा आता स्वयंपाकघरात असतो. तेथे कस्तुराबाई आणि धनीबाई यांशिवाय कोणी जात नाही. धनीबाई राखेची टोपली घेऊन रोज बाहेर जाते. टोपलीत राखेखाली ठेवला तर कोणास दिसणार नाही. तांड्यावर नेऊन कोठेतरी गार जागी पुरून ठेवावा. मग कोणी ओतणार नाही, वितळवणार नाही.

तिला गाठले. अकरावा साचाही घेऊन जा, मी म्हणालो. मी स्वतः देतो. घे. दोन्ही घे.

ती म्हणाली, कमलीला तिने कधीच नेले. मी स्टेशनावर गेलो होतो तेव्हा. पुड्यात कागदात गुंडाळून ससा ठेवला आहे. तिने कमलीला अडाण नदीत धरले, गार पाणी पाजले. लय पेली साहेब, म्हणाली. पेता पेता तिचं तोंड मिटलं. मंग पुरली.

मलाही ने. मी तिच्या पायांवर हात ठेवले. या वयात, या हातांनी.

तिने पाय मागे घेतले नाहीत. जिन उद्या बंद होते, तांडा निघते, असे ती सावकाश सांगत राहिली. एक साचा गेला तं तुमी हाय त्या जागी. दोन गेले तं बाई तांड्यावर मानूस पाठोतीन, पोरगी हाय आमच्याकडं.

मग टोपली डोक्यावर घेतली. दारातून वळून म्हणाली,

संच फुटते ना, साहेब.

बुधवार, १७ मार्च.

मी कस्तुराबाईंना सांगितले. धनीबाईने अकरावा चोरला, असे सांगितले. तिला धरा, तिला बसवा, ती तरुण आहे, तिचा साचा चांगला— हे मी बोललो. मीच.

त्या गाठीसाठी दोरा कातत होत्या. मले मालूम हाय, म्हणाल्या. तांडा सकाळीच गेला. जाऊ द्या. एक गेला, एक आला. धनीलेच बसवनार व्हतो यंदा. पन तिच्यामांगं पुरा तांडा इचारत येते. तुमच्यामांगं कोनी नाही. तुमीच सांगतलं पहिल्या रोजी.

दुपारी पाक चढवला. एकेक साचा भरला. मी दार लावले, कानांत बोळे घातले. कान मागच्या अर्ध्यात आहेत. बोळ्यांचा उपयोग नाही. दहाही जण ऐकू येतात. आता सगळे समजतेही. मडमही.

ती जर्मनमध्ये पाणी मागते.

गुरुवार, १८ मार्च.

गाठी ओवून झाल्या. अंगणात मुले आली आहेत, जिनाच्या चौकीदाराची, गड्यांची. हसत आहेत. आंधी नाक खातात. खरे आहे.

टेबलावर कोरा पत्रा ठेवला आहे. हातावर मावेल एवढा. कल्हई उत्तम. शेजारी तेलाची वाटी. दौलतरावांनी खांद्यावर हात ठेवला, म्हणाले, जबरदस्ती नाही साहेब, कल्हईवाला बी परवा येतेच. तुमाले जे जमते ते.

भट्टी— किंवा वर्षातून एकदा पाक. हिशेब मला येतो. वाणिज्याचा पदवीधर आहे मी. भट्टीत एकदाच. पण भट्टीत काही उरत नाही. आणि संच—

संच पुरा होईल. हे मी लिहिले. हे मला अजूनही—

तेल लावले. कपाळ, डोळे, गाल. ओठ घट्ट मिटले. घट्ट.

नोंद पुरी करू द्या, असे म्हणालो. करा की, कस्तुराबाई म्हणाल्या. घाई नाही. पळी मात्र हातात आहे.

साचा क्रमांक बारा. शिक्का नाही. चिमट्यांच्या खुणा नाहीत. पुरुष, पन्नाशी उलटलेला, दाढी अर्धी. उजव्या कानामागे आवाळू. मागच्या कडेस किंचित पोचा. कल्हई नवी. जोडी पूर्ण, कडेतून उजेड नाही. कारागिरी घरची. तोंड मिटलेले. साच्यात तोंड मिटलेले आहे, परंतु—